मुतालिक, मोर्तब आणि प्रॉक्सी

मराठ्यांच्या राज्यकारभारात मोठ्या अधिकाऱ्याचा मुतालिक धन्याच्या वतीने कामकाज पाही. त्याने लिहिलेले धन्याचेच समजले जाई. म्हणून अशा लेखनाला सीमा घालून देणे अगत्याचे होते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस आढळणारे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब ती सीमा दाखवी. त्याखाली मागाहून घुसडलेला मजकूर मूळ पत्राचा ठरत नसे.

संगणकजालातील प्रॉक्सी हा याच जातीचा मुतालिक होय. शब्दही त्याच कुळातला. 'प्रोक्युरसी' म्हणजे मुखत्यारी, या इंग्रजी शब्दाचा संकोच होऊन तो बनला. 1994 च्या मे महिन्यात जिनिव्हा येथे भरलेल्या पहिल्या वेब-परिषदेत लुओटोनेन व आल्टिस यांनी वेब-प्रॉक्सीची मांडणी केली. (विष्णुपुरीतील आपल्या विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षाची.) संरक्षक भिंतीच्या आतील वाचकाला बाहेरचे पान आणून देणे, हे त्याचे काम. 1996 मध्ये अपाची या वेब-सर्व्हरच्या 1.1 आवृत्तीत ही सोय आली आणि मोर्तबाचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

कारण असे की, 'प्रॉक्सीरिक्वेस्ट्स' ही आज्ञा चालू ठेवून कोणाची विनंती स्वीकारावी हे न सांगितल्यास तो सर्व्हर वाटेल त्याचा मुतालिक होतो. पलीकडच्या संस्थेला पत्ता दिसतो तो सर्व्हरचा, मागणाऱ्याचा नव्हे. नियतकालिकांचे संग्रह विद्यापीठांना त्यांच्या पत्त्यावरूनच ओळखत असल्याने याची झळ ग्रंथालयांना प्रथम लागली. 2002 मध्ये जेस्टोरने विद्यापीठांतील असुरक्षित प्रॉक्सींमधून लेखांची पद्धतशीर उचल झाल्याचे जाहीर केले. दोष बहुधा दुष्टाव्याचा नव्हे, गैरसमजाचा असे. आपल्याच आतील सर्व्हरकडे विनंत्या पोचवणाऱ्या उलट्या प्रॉक्सीला ही आज्ञा लागतच नाही, तरी ती चालू केली जाई. खरी गरज असेल तेथे आतील पत्त्यांनाच परवानगी देणे, हेच मोर्तब.

नोंदवहीच्या वाचनात मात्र दप्तर तपासणाऱ्याचा संयम हवा. परक्या स्थळाचा पूर्ण पत्ता असलेली विनंती व तिच्यापुढे यशदर्शक 200 हा अंक दिसताच चोरी झाली असे मानू नये; पुष्कळदा सर्व्हरने स्वतःचेच मुखपृष्ठ पाठविलेले असते. पाठविलेल्या मजकुराची लांबी आपल्या मुखपृष्ठाशी ताडून पाहिली, म्हणजे बहुधा उलगडा होतो.