बाबा पदमनजी : बेळगावचा बाप्तिस्मा आणि पुढची लेखणी

बाबा पदमनजींचं नाव निघालं की आपण ‘यमुनापर्यटन’पाशी थांबतो. १८५७ सालचं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं. पण त्यामागची वाट बेळगावातून जाते, हे बेळगावकरांच्याही फारसं लक्षात नसतं.

बाबांचा जन्म १८३१चा, बेळगावातल्या कासार कुटुंबातला. लंडन मिशनचं काम इथे १८२० पासून चालू होतं. त्यांच्या शाळेत बाबा शिकले. पुढे मुंबईला फ्री चर्चच्या शाळेत गेले. तिथे जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेतही ते होते. पण सभेचं सगळं काम गुपचूप. जे पटलं ते उघड सांगायची सोय तिथे नव्हती.

१८५४ साली ते बेळगावला परतले आणि इथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे जिथे लहानपण गेलं, त्याच गावात. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जातीबाहेर जाणं. एका पंक्तीचं जेवणही सुटायचं. बाबा गावी आले खरे, पण जुनी नाती पहिल्यासारखी राहणं शक्य नव्हतं.

पुढचं आयुष्य त्यांनी लेखणीला दिलं. तीनच वर्षांत विधवांची दैना मांडणारं ‘यमुनापर्यटन’ आलं. त्यात धर्मप्रचार आहेच. पण केशवपनाचं दुःख इतक्या उघडपणे मराठी गद्यात तोवर क्वचितच आलं होतं. नंतर मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. १९०६ मध्ये ते वारले.

जुनं बेळगाव शोधणाऱ्यांनी ‘अरुणोदय’ जरूर वाचावं. धर्म कुठलाही असो, ते आपल्या गावचंही पुस्तक आहे.