मोहम्मद सलीम : सेल्टिककडून अनवाणी खेळलेला भारतीय विंगर

युरोपातील क्लबकडून खेळलेले पहिले भारतीय फुटबॉलपटू म्हणून मोहम्मद सलीम ओळखले जातात. कोलकात्याचे सलीम उजव्या बगलेवरून विंगर म्हणून खेळत. १९३४ मध्ये कलकत्ता फुटबॉल लीग जिंकणारा मोहम्मडन स्पोर्टिंग हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या संघात सलीम यांचा समावेश होता. क्लबने १९३८ पर्यंत सलग पाच वेळा ही स्पर्धा जिंकली.

१९३६ मध्ये एका नातेवाइकाच्या पुढाकाराने सलीम स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे गेले. बुटांऐवजी पायांना पट्ट्या गुंडाळून खेळणाऱ्या या खेळाडूला सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली यांनी चाचणीची संधी दिली. राखीव संघाकडून ते दोन सामने खेळले. त्यांत सेल्टिकने हॅमिल्टनला ५-१ आणि गॅल्स्टनला ७-१ असे पराभूत केले. सेल्टिकला ते संघात हवे होते. मात्र घरच्या ओढीने ते मायदेशी परतले आणि पुन्हा मोहम्मडनकडून खेळले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

परदेशातील त्यांची कारकीर्द दोन सामन्यांपुरतीच राहिली. तथापि, पारतंत्र्याच्या काळात भारतीय खेळाडूचे कौशल्य युरोपातील मैदानावर सिद्ध करण्यास तेवढे सामने पुरेसे ठरले.