मेथोट्रेक्सेट : आमवातावरील एका औषधाच्या विलंबित स्वीकाराचा इतिहास

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकात ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आमवात हा सांध्यांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज आणणारा विकार होय. वयोमानाने होणारी सांध्यांची झीज आणि हा विकार यांत बोलण्याच्या ओघात गल्लत केली जाते. परंतु या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. आमवातात शरीराची रोगप्रतिकार संस्था स्वतःच्याच ऊतकांवर उलटते. हातांची बोटे, मनगटे व पावले प्रथम धरली जातात, सकाळचा ताठरपणा बराच वेळ ओसरत नाही आणि योग्य उपचार न झाल्यास काही वर्षांत सांधे कायमचे वाकडे होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दुपटीहून अधिक आढळतो.

या रोगावर आज बहुतेक देशांत प्रथम दिले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते मुळात कर्करोगावरील औषध आहे. त्याच कुळातील अमिनोप्टेरिन या औषधाने आमवाताच्या रुग्णांस आराम पडतो, हे निरीक्षण १९५१ साली प्रसिद्ध झाले. मेथोट्रेक्सेटची उपयुक्तता निर्णायक चाचण्यांनी सिद्ध झाली ती मात्र १९८५ साली. मधल्या चौतीस वर्षांत रुग्णांची एक संपूर्ण पिढी अपंगत्वाकडे गेली. हा विलंब का झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत बहुधा अमेरिकेतील प्रयोगशाळांपासून सुरू होते. वस्तुतः तिचा आरंभ मुंबईत, परळ येथे झाला.

परळ ते पर्ल रिव्हर

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईस आली. गर्भवती स्त्रियांच्या मृत्यूंची कारणे शोधण्याचे काम त्या काळी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतले होते आणि डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने विल्स यांना त्यासाठी पाचारण करण्यात आले होते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील हाफकिन संस्थेत त्यांनी आपले काम मांडले. कापड गिरण्यांत राबणाऱ्या मजूर स्त्रियांमध्ये गरोदरपणी एक तीव्र रक्तक्षय दिसून येई. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत आणि अनेकदा स्त्री बाळंतपणातच दगावे. प्रथम जंतुसंसर्गाची शंका घेण्यात आली, पण तपासांती ती टिकली नाही. आहाराची पाहणी करता ज्यांच्या जेवणात भाजीपाला व फळे जवळजवळ नव्हती अशा गरीब स्त्रियांत, विशेषतः गरीब मुस्लिम स्त्रियांत, रोगाचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले.

विल्स यांनी यानंतर उंदरांवर आणि माकडांवर आहाराचे प्रयोग केले. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टपासून बनविलेला मार्माइट हा खारट अर्क या रक्तक्षयावर गुणकारी ठरतो, हे त्यांनी १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. मार्माइट निवडण्यामागे त्याचा स्वस्तपणा हेही एक कारण होते. पुढे त्यांनी असेही दाखविले की, दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नाही. म्हणजे यीस्टमधील गुणकारी घटक निराळा होता. त्यास काही काळ ‘विल्स घटक’ असेच म्हटले जाई. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. विल्स घटक आणि फॉलिक आम्ल एकच, हे कालांतराने स्पष्ट झाले. ज्या गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्ताच्या नमुन्यांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

या कथेचा पुढचा भाग न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे घडला. तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे संशोधन-प्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. बोस्टनचे बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांवर फॉलिक आम्लाच्या संयुगांचा वापर करताना रोग उलट बळावतो की काय, असा संशय आला. तेव्हा फॉलिक आम्लाला विरोध करणारे रसायन हवे, असा विचार पुढे आला आणि सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने ते पुरविले. ते रसायन म्हणजे अमिनोप्टेरिन. फार्बर यांनी जून १९४८ मध्ये १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत तात्पुरती का होईना, सुधारणा दिसली होती. अमिनोप्टेरिनचे तुलनेने कमी विषारी भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये निवर्तले. आपल्या प्रयोगशाळेतील रसायनांचा सांध्यांच्या रोगाशी संबंध जुळेल, अशी कल्पनाही त्यांना असण्याचे कारण नव्हते.

कॉर्टिझोनचा उदय

१९४८ हे वर्ष या शाखेच्या इतिहासात विलक्षण म्हणावे लागेल. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी आमवाताने जर्जर झालेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला अधिवृक्क ग्रंथीतील ‘संयुग ई’ हे द्रव्य टोचले. काही दिवसांतच ती हिंडू-फिरू लागली. या द्रव्याचे नाव पुढे कॉर्टिझोन झाले. एप्रिल १९४९ मध्ये हे निष्कर्ष जाहीर होताच वृत्तपत्रांनी चमत्काराची भाषा वापरली आणि १९५० साली हेन्च, केन्डल व राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथम उपचारापासून पारितोषिकापर्यंतचा हा काळ जेमतेम दोन वर्षांचा आहे.

हेन्च यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल आदरच वाटतो. कावीळ झालेल्या किंवा गरोदर असलेल्या आमवाती रुग्णांना काही काळ आराम पडतो, ही गोष्ट त्यांनी १९२९ पासून चिकाटीने टिपून ठेवली होती. तथापि औषधाची किंमत लवकरच कळून आली. चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, जठरव्रण, मनाचा तोल ढळणे हे दुष्परिणाम दिसू लागले आणि औषध थांबविताच रोग उसळून येई. इंग्लंडमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि नफील्ड प्रतिष्ठानने आमवात नुकताच सुरू झालेल्या रुग्णांत कॉर्टिझोन आणि साधी ॲस्पिरिन यांची तुलना केली. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षअखेर दोहोंत फारसा फरक आढळला नाही. नोबेल पारितोषिकानंतर चारच वर्षांनी आलेला हा निष्कर्ष चिकित्सालयीन संशोधनाच्या दृष्टीने पारितोषिकाइतकाच महत्त्वाचा होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या झगमगाटात, १९५१ साली, रिचर्ड गुबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कॉर्टिझोनप्रमाणेच ऊतकांची प्रतिक्रिया दडपणारे दुसरे द्रव्य शोधावे, या हेतूने त्यांनी मोजक्या आमवाती रुग्णांना अमिनोप्टेरिन दिले होते. बहुतेकांचे सांधे सुधारले, शिवाय सोरायसिस या त्वचारोगाचे चट्टेही नाहीसे झाले. सांध्यांच्या वैद्यांनी या निबंधाकडे पाठ फिरविली, त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र तो वाचला.

उपेक्षेची कारणे

कॉर्टिझोनचे तेज हे या उपेक्षेचे पहिले आणि उघड कारण. परंतु केवळ त्यावर बोट ठेवून थांबता येणार नाही, कारण कॉर्टिझोनचा मोह १९५५ च्या सुमारास बराचसा ओसरला होता. मग पुढची तीस वर्षे का गेली?

कर्करोगाचे विषारी औषध ‘न मारणाऱ्या’ रोगासाठी द्यावे काय, हा प्रश्न वैद्यांपुढे होता. प्रश्न नैतिकदृष्ट्या रास्त होता, पण त्यामागील गृहीत चुकीचे होते. आमवात माणसाला अपंग करतो पण मारीत नाही, अशी समजूत दृढ होती. थिओडोर पिंकस यांनी ७५ रुग्णांचा नऊ वर्षे पाठपुरावा करून १९८४ साली दाखविले की, या रुग्णांची कार्यक्षमता वेगाने खालावते, रोजगार सुटतो आणि मृत्यूचे प्रमाणही वाढते. रोग सौम्य मानला की तीव्र उपचार अविचारी वाटतो. पिंकस यांच्या पाहणीने तराजूचे हे पारडेच बदलले.

दुसरे कारण मोजमापाचे आहे. दुखणे कमी झाले, हे ठरवावयाचे कसे? आमवात आपोआप चढतो-उतरतो, त्यामुळे कोणत्याही औषधाचे श्रेय सहज घेता येते. कोणास आमवात म्हणावे याचे अमेरिकन निकष १९५८ साली सुधारून निश्चित झाले. दाबून दुखणाऱ्या सांध्यांची पद्धतशीर नोंद करणारा रिची निर्देशांक १९६८ चा आहे. अशा साधनांअभावी चांगली औषधेही बाद होत. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी खास या रोगासाठी तयार करविलेल्या सल्फासॅलझिनचे उदाहरण बोलके आहे. १९४९ साली एडिंबरो येथून एक प्रतिकूल अहवाल आला आणि ते औषध आमवातापुरते तीस वर्षे अडगळीत पडले. बर्मिंगहॅमच्या मॅकॉन्की यांनी १९८० च्या सुमारास ते पुन्हा उजेडात आणले. उलटपक्षी, आमवात क्षयासारखा असावा या चुकीच्या तर्कावर फोरेस्टिए यांनी १९२९ साली सुरू केलेले सुवर्णक्षारांचे उपचार १९६१ च्या नियंत्रित चाचणीत खरोखरच उपयुक्त ठरले. तर्क चूक, औषध बरोबर असा हा प्रकार होता.

जुन्या आणि स्वस्त रसायनाच्या चाचण्यांवर पैसा खर्चण्यात औषध कंपन्यांना फारसे स्वारस्य नसावे, असे मानण्यासही जागा आहे. हे तिसरे कारण कागदोपत्री सिद्ध करणे कठीण. मात्र घटनाक्रम त्याच दिशेने बोट दाखवितो.

त्वचारोगतज्ज्ञ या काळात स्वस्थ बसले नव्हते. एडमंडसन आणि गाय यांनी १९५८ साली सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट वापरले. रोज औषध दिल्याने यकृत व अस्थिमज्जेवर येणारा ताण टाळण्यासाठी वाइनस्टाइन व फ्रॉस्ट यांनी १९७१ साली आठवड्यातून एकदा, बारा-बारा तासांच्या अंतराने तीन लहान मात्रा देण्याची पद्धत मांडली. सांध्यांच्या वैद्यांपैकी रेक्स हॉफमाइस्टर यांच्यासारखे एखाद-दुसरे चिकित्सक वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या शहरात, विद्यापीठांच्या वर्तुळापासून दूर, हे औषध आठवड्याच्या मात्रेत वापरीत होते. त्यांनी ७८ रुग्णांवरील १५ वर्षांचा अनुभव १९८३ साली प्रसिद्ध केला.

१९८५ आणि त्यानंतर

बोस्टनच्या मायकेल वाइनब्लॅट यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत त्वचारोगतज्ज्ञांचीच तीन मात्रांची पद्धत उचलली होती. चोवीस आठवड्यांच्या या चाचणीत प्रत्येक रुग्णास काही काळ खरे औषध आणि काही काळ निरौषध गोळी दिली गेली आणि कोणती केव्हा, हे रुग्णास वा तपासणाऱ्या वैद्यास ठाऊक नव्हते. त्याच वर्षी अनेक केंद्रांनी मिळून १८९ रुग्णांवर केलेली १८ आठवड्यांची चाचणीही प्रसिद्ध झाली. दोन्हींचा निष्कर्ष एकच होता. १९८८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आमवातासाठी या औषधास मान्यता दिली.

१९९८ पासून महागडी जैविक औषधे बाजारात आली. तरी त्यांपैकी बहुतेक मेथोट्रेक्सेटच्या जोडीने दिली असता अधिक परिणामकारक ठरतात. नेब्रास्काचे जेम्स ओडेल यांनी १९९६ साली मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तीन जुन्या औषधांचा एकत्र उपयोग सिद्ध केला. २०१३ साली ३५३ रुग्णांवरील चाचणीत हे त्रिकूट जैविक औषधाच्या जोडीपेक्षा कमी पडत नाही, असेही दिसून आले. आपल्याकडील रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी १८.२ टक्के लोकांना स्नायू व सांध्यांचे दुखणे होते आणि सुमारे ०.५ टक्के लोकांना आमवात होता. दोनशे प्रौढांत एक हे प्रमाण धरले, तर एखाद्या मध्यम गावातही या रोगाचे दहा-पंधरा रुग्ण असू शकतात आणि त्यांना परवडेल असेच औषध त्यांच्या उपयोगाचे.

स्वस्त औषधालाही दक्षता लागते. आठवड्याची गोळी गैरसमजुतीने रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत स्पष्ट लिहिले, तरी यातील बराच धोका टळेल.

तोंड येणे, मळमळ इत्यादी नेहमीच्या त्रासांवरील उपाय अलाबामातील सारा मॉर्गन यांनी शोधला. ज्या औषधाचा जन्मच फॉलिक आम्लाला विरोध करण्यासाठी झाला, त्याच्या जोडीला फॉलिक आम्लच द्यावयाचे, ही कल्पना सकृद्दर्शनी विसंगत वाटते. परंतु ७९ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्लाने दुष्परिणाम घटले आणि औषधाचा गुण मात्र कायम राहिला. आमवातात मेथोट्रेक्सेटचा परिणाम मुख्यतः फॉलिक आम्लाच्या अभावामुळे होत नसून पेशींबाहेर ॲडेनोसिन हे सूज शमविणारे द्रव्य वाढल्यामुळे होत असावा, असे मत ब्रुस क्रोनस्टाइन यांनी याच दशकात मांडले. तेव्हापासून मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णास आठवड्यातील अन्य दिवशी फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. परळमध्ये मार्माइटच्या बरणीतून गिरणी कामगार स्त्रियांना दिले जात होते, ते हेच द्रव्य.