अमेरिकेचा उदय आणि आपला श्रीगोंदा

१६०७ साली जेम्सटाऊन येथे इंग्रजांची वसाहत वसली. पुढे अशा तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले व त्यांतूनच अमेरिका ही महासत्ता घडली. तिच्या वैभवात गुलामांनी पिकविलेल्या कापसाचा वाटा मोठा होता. १८६१ च्या यादवीत हा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मुंबईत भाव कडाडले. सावकार दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज उरले. १८७५ मध्ये सुपे येथे उठाव झाला व त्याचे लोण श्रीगोंदा तालुक्यातही आले. शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. कारण निशाणी त्यांची, मजकूर सावकाराचा! विद्यार्थीमित्रांनो, दूरच्या महासत्तेची झळ आपल्या शिवारापर्यंत पोचते. तेव्हा हातातला कागद स्वतः वाचता येणे, हेच खरे संरक्षण होय.