‘क्रीक’ म्हणजे नेहमी खाडीच असते का?

सातवीच्या वर्गात इंग्रजी गोष्ट वाचत होतो. अमेरिकेतली दोन मुलं घरी जाताना एका उडीत ‘क्रीक’ ओलांडतात. राजपुरी खाडीकाठचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमच्याकडे तर होडी लागते. हे उडी मारून कसे गेले?" क्रीक म्हणजे खाडी, हे आम्हीच शिकवलं होतं. म्हणजे चूक आमची.

इंग्लंडच्या इंग्रजीत क्रीक म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरून भरती-ओहोटीबरोबर चढतं-उतरतं ती जागा. ठाणे, बाणकोट, दाभोळ या खाड्या तशाच. उर्दूतही तिला खाडीच म्हणतात, त्यामुळे आपल्या मुलांना हा अर्थ सोपा जातो. (खलीज मात्र वेगळा. मराठीतलं आखात आणि उपसागर या दोन्हींना उर्दूत तो एकच शब्द चालतो.) देरा आणि बर दुबई यांच्या मधली, अब्रा चालतात ती दुबई क्रीकही खाडीच. अरबीत ती खोर. आपल्या खोऱ्याशी तिचा संबंध नाही.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मात्र क्रीक म्हणजे ओढा, ओहोळ, छोटी नदी. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी चालतो. ऑस्ट्रेलियातली कूपर क्रीक तर समुद्राला मिळतच नाही. मोठा पूर आला की तिचं पाणी आतल्या आयर सरोवरात जातं.

अमेरिकेच्या इतिहासात ‘क्रीक’ ही माणसंही आहेत. मस्कोगी लोक ओढ्याकाठी राहत म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यांना हे नाव दिलं. 1830च्या दशकात त्यांना घरादारातून हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथला त्यांचा राखीव प्रदेश कायद्याने कधी रद्दच झालेला नाही, असा निकाल 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. अशा धड्यात ‘खाडीचे लोक’ असं भाषांतर केलं तर सगळाच घोळ.

आपल्या जवळची सर क्रीक ही कच्छ आणि सिंधमधली सुमारे 96 किलोमीटरची दलदलीची खाडी. वाद 1914 च्या मुंबई सरकारच्या ठरावापर्यंत मागे जातो. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. पाकिस्तान म्हणतो, हद्द पूर्व काठावर. भारत म्हणतो, प्रवाहाच्या मध्यावर, कारण नौका चालतात अशा पाण्यात हद्द मध्यावर धरतात. पाकिस्तानचं उत्तर, इथे नौका चालतच नाहीत. म्हणजे भांडण नुसतं नकाशाचं नाही, हे पाणी कोणत्या प्रकारचं, याचंही आहे. आणि ज्यांच्या बोटी खरोखर त्या भागात जातात ते दोन्हीकडचे मच्छीमार हद्द ओलांडली म्हणून पकडले जातात, वर्षानुवर्षं तुरुंगात राहतात. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले आपल्या पालघरचे खलाशीही त्यात असतात.

त्या मुलाच्या वहीत आम्ही ‘खाडी’ खोडून ‘ओढा’ लिहिलं. इतरांच्याही दुरुस्त केल्या.