चडली कॅनन्स : एका पराभूत संघाचा इतिहास

जो संघ कोणत्याही मैदानावर कधींच उतरला नाहीं, त्याचा इतिहास लिहावयास बसणें कित्येक वाचकांस पोरकटपणाचें वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु श्रीमती जे. के. रोलिंग यांनीं २००१ सालीं ‘केनिलवर्दी व्हिस्प’ या टोपणनांवानें, धर्मादाय कार्यास साह्य व्हावें म्हणून, जें छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलें तें वाचल्यावर आमचें मत बदललें. त्यांच्या हॅरी पॉटरच्या कथांतील जादूगार लोकांत क्विडिच नांवाचा जो खेळ चालतो, त्याचा हा कल्पित इतिहास आहे. दलदलीच्या कांठीं राहणाऱ्या एका बाईची अकराव्या शतकांतील रोजनिशी, जुनीं खाजगी पत्रें, इत्यादि साधनांचा आव त्यांत इतक्या काळजीनें आणलेला आहे कीं, आमच्याकडील एखाद्या बखरकारानें मान खालीं घालावी.

खेळ ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. उडत्या झाडूंवर बसून दोन्ही बाजूंचे सात-सात गडी हवेंत खेळतात. मोठा चेंडू प्रतिपक्षाच्या तीन कड्यांपैकीं एकींतून पार केल्यास दहा गुण. पंख असलेला चिमुकला सोनेरी चेंडू पकडल्यास दीडशें गुण, आणि खेळ समाप्त. या दीडशेंचें मूळही दिलेलें आहे. १२६९ सालीं एका अधिकाऱ्यानें सामन्यांत एक लहानसा पक्षी सोडला व तो धरणारास दीडशें मोहरांचें बक्षीस लावलें. पुढें पक्ष्याच्या जागीं धातूचा चेंडू आला, मोहरा गेल्या, पण आंकडा राहिला. रूढि अशाच टिकतात. लेखिकेस इतिहासाची नाडी समजली आहे, हें येथेंच आमच्या ध्यानांत आलें.

१६७४ सालीं ब्रिटन व आयर्लंड येथील उत्तम तेरा संघ निवडून त्यांची लीग स्थापन झाली, आणि बाकीच्यांस विसर्जन करण्यास सांगण्यांत आलें. (त्याच सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला. हा निव्वळ योगायोग होय. पण मराठी वाचकाच्या मनांत तो आल्यावांचून राहत नाहीं.) या तेरांपैकीं एक चडली कॅनन्स. कॅनन म्हणजे तोफ. झगे भडक नारिंगी, त्यांवर वेगानें जाणारा तोफगोळा व काळ्या रंगांत दोन ‘सी’ अक्षरें. हा संघ म्हणजे हमखास हरणारा, अशीच त्याची ख्याति आहे.

परंतु आंकडे कांहीं वेगळें सांगतात. कॅनन्सनीं लीगचा चषक २१ वेळां जिंकला. शेवटीं जिंकला तो १८९२ सालीं. १६७४ पासून तेथवर सुमारें २१८ वर्षें होतात. स्पर्धा दरवर्षीं झाली असें धरून तेरांत सारखी वांटणी केली, तर प्रत्येकाच्या वांट्यास १७ च्या आंतच विजेतेपदें येतील. कॅनन्सनीं २१ मिळविलीं! म्हणजे हा संघ मूळचा नादान नव्हे; हें पडक्या वाड्यांत राहणारें जुनें सरदार घराणें आहे. १८९२ नंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत मात्र हातीं शून्य. या ऱ्हासाचें कारण त्या नोंदींत दिलेलें नाहीं. इतिहासकार म्हणून ही उणीव आम्हांस बोंचते.

येथें खऱ्या जगांतील एक दाखला घेऊं. इंग्लंडांत फुटबॉलची लीग बारा संघांनिशीं १८८८ सालीं सुरू झाली. पहिलीं दोन्ही विजेतेपदें प्रेस्टन नॉर्थ एंड या संघानें पटकाविलीं, त्यांतील पहिलें तर एकही सामना न हरतां. १८९० नंतर तें विजेतेपद त्यास पुन्हां लाभलेलें नाहीं. तथापि प्रेस्टनची व कॅनन्सची गोष्ट एक नव्हे. १८९२ सालीं, म्हणजे कॅनन्सच्या शेवटच्या विजयाच्याच सालीं, फुटबॉल लीगनें दुसरी श्रेणी काढली. दुबळ्यास खालीं उतरावयाची वाट झाली. प्रेस्टन पुढें खालीं गेला, तेथें बरोबरीच्यांशीं झुंजून जिंकला, वर आला, पुन्हां गेला. अपमानाबरोबर त्यास उसंतही मिळाली. कॅनन्सच्या लीगला खालची पायरीच नाहीं. त्याच बारा प्रतिस्पर्ध्यांकडून पिढ्यान् पिढ्या हरावयाचें, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां त्यांच्याचसमोर उभें राहावयाचें. ज्या नियमानें १६७४ सालीं या संघाचा मान राखला, त्याच नियमानें पुढें त्यास कोंडून ठेविलें. विशेषाधिकार देतांना तो पुढें कोणाच्या गळ्यांत अडकेल याचा विचार कोणतीच सभा करीत नाहीं.

१९७२ सालीं संघानें आपलें ब्रीदवाक्य बदललें. जुन्यांत ‘जिंकूंच’ अशी प्रतिज्ञा होती. नव्यांत, बोटांस बोट अडकवून बरें कांहीं घडेल अशी आशा करूं, एवढाच आशय आहे. वाचक येथें हंसतो, व हंसावें अशीच योजना आहे. परंतु आमच्या पाहण्यांतील कित्येक संस्थांचीं तेजस्वी संस्कृत ब्रीदें त्यांच्या कागदांच्या माथ्यावर छापलेलीं असतात, आणि त्यांवर संस्थेच्या शिपायाचाही विश्वास नसतो. तीं उतरविण्याचें धैर्य कोणी दाखविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. कॅनन्सच्या चालकांनीं तें दाखविलें. शंभर वर्षांत त्यांच्या हातून झालेली सर्वांत सरळ कृति हीच असावी.

हॅरीचा मित्र रॉन वीझली हा या संघाचा भक्त. गरीब घरांतील हा सहावा मुलगा; भावांच्या वापरलेल्या वस्तू त्याच्या वांट्यास येतात. पांचव्या कादंबरींत तो एका मुलीच्या अंगावर दुसऱ्या संघाचें पदक पाहतो आणि तिला हटकतो, कीं तुझी ही भक्ति जुनी, कीं तो संघ जिंकूं लागल्यापासूनची? ती उत्तर देते, वयाच्या सहाव्या वर्षापासूनची. प्रश्न उद्धट होता व तिच्या बाबतींत अन्यायाचाही होता. पण जो सदैव हरणाऱ्यांच्या बाजूस उभा राहिला आहे, त्यालाच असा प्रश्न सुचतो.

सातही कादंबऱ्यांत कॅनन्सचा एकही सामना वाचकाच्या दृष्टीस पडत नाहीं. दुसऱ्या कादंबरींत रॉनची माळ्याखालची खोली दिसते. भिंती, छत, पलंगपोस, सर्व नारिंगी. आणि कागद विटलेल्या त्या भिंतींवर चित्रेंच चित्रें. जादूच्या जगांतील चित्रें हालतात. तेच सात जण, झाडू हातीं घेऊन, मोठ्या उत्साहानें हात हलवीत आहेत.