सुरतेच्या टांकसाळीची साक्ष

सुरत म्हटली की मराठी विद्यार्थ्यास १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे आठवतात. परंतु त्या शहरी एवढी संपत्ती आली कोठून, हा प्रश्न आम्ही शिक्षक वर्गात क्वचितच विचारतो. त्याचे एक उत्तर मोगलांच्या रुपयात आहे.

अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतली. पुढे मक्केचे यात्रेकरू आणि पश्चिमेकडील व्यापार यांचे हे मुख्य बंदर झाले. मेक्सिको व पेरू येथील रुपे स्पॅनिश रियालांच्या रूपाने, तांबड्या समुद्रावरून आणि युरोपीय कंपन्यांच्या जहाजांतून, येथे उतरत असे. ते टांकसाळीत वितळे, सरकारी हक्क वजा होई आणि सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचा, जवळजवळ शुद्ध रुप्याचा रुपया बाहेर पडे. ज्याच्यापाशी रुपे असेल त्याने आणावे आणि नाणे पाडून न्यावे, अशी ही मोकळी टांकसाळ होती. चालू वर्षाच्या रुपयास पूर्ण मोल मिळे, जुन्यावर बट्टा बसे. म्हणून सराफाची नजर प्रथम सनाकडे जाई.

अभ्यासकानेही तेथूनच आरंभ करावा. १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला, तेव्हा गुजराथचा सुभेदार असलेल्या मुरादबक्षाने स्वतःस बादशहा म्हणविले. त्याच्या फौजेने सुरतेचा किल्ला घेतला, तेथील धनिकांकडून लाखो रुपयांचे कर्ज उचलले आणि सुरतेच्या टांकसाळीतून त्याच्या नावाचा रुपया निघू लागला. १६५८ च्या जूनमध्ये औरंगजेबाने त्यास कैद केले. १६६१ मध्ये ग्वाल्हेरीस त्याचा अंत झाला. बादशहांच्या नामावळीत मुरादास स्थान नाही. नाण्यांत मात्र आहे, आणि हिजरी १०६८ या सनाने ते स्थान पक्के केले आहे. सिंहासनावर ज्याचा हक्क ठरला नाही, त्याच्या हाती टांकसाळ आली होती, ही गोष्ट बखरकारापेक्षा हा रुपया अधिक निःपक्षपातीपणे सांगतो, असे आमचे मत आहे. त्याआधी जहांगिराच्या अखेरच्या वर्षांत याच टांकसाळीने नूरजहानचे नावही रुपयावर घातले होते.

अठराव्या शतकात हा संबंध उलटा झाला. नाव बादशहाचे, सत्ता दुसऱ्याची! पुण्याकडील अंकुशी रुपयावर शाह आलमचे नाव आहे, पण ओळख पटते ती अंकुशाच्या खुणेवरून. सुरतेचा किल्ला इंग्रजांनी १७५९ मध्ये घेतला व १८०० मध्ये शहराचा सर्व कारभारही हाती घेतला; तरी रुपया शाह आलमच्याच नावाने निघत राहिला. पुढे तर कंपनीने हिजरी १२१५ आणि राज्यवर्ष ४६ हे आकडे ठशात कायमचे गोठविले. वस्तुतः शाह आलमचे ४६ वे वर्ष १२१५ मध्ये पडतच नाही. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी मुंबईच्या टांकसाळीत त्याच्या नावाचे हे ‘सुरती’ रुपये पडतच होते. १८३५ च्या कायद्याने विल्यम राजाची मुद्रा आली, तेव्हा कोठे ती प्रथा संपली.

अशी नाणी ओळखणे सोपे नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे टांकसाळीचे नाव किंवा सन यांचा थोडाच भाग नाण्यावर उतरतो. दहा अपुरी नाणी शेजारी ठेवावी तेव्हा एक पूर्ण लेख वाचता येतो. अहमदाबादचे पाद्री जॉर्ज टेलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेच्या नाण्यांवर प्रबंध लिहिला, तो अशाच चिकाटीने. १९१० मध्ये अलाहाबादेस नाणकशास्त्र परिषद स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते; मुंबईचे फ्रामजी ठाणावाला हेही होते.

यासाठी सुट्या नाण्यापेक्षा पुरलेला अखंड साठा मोलाचा. तो कोठे निघाला, कोणत्या भांड्यात होता, त्यातील शेवटचा सन कोणता, यावरून तो केव्हा आणि कोणत्या धामधुमीत पुरला गेला, हे कळते. सापडलेला ठेवा सरकारास कळवावा असा १८७८ चा कायदा आहे. तरी पुष्कळ साठे सराफाच्या मुशीतच गेले. उरलेल्यांवर आमच्या घरांत दिवाळीच्या पूजेआधी चिंच घासली जाते! नाणे लखलखते, पण अक्षरांच्या कडा झिजतात, आणि सनाचा जो अर्धा आकडा उरला होता तोही जातो.